बिग बॉस बघताना वही जवळ ठेवा

पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी २२ वर्षं रेक्टर आहे. तीन मजले, ६४ मुली, एक मेस, दोन गिझर आणि तळमजल्यावर एक कॉमन रूम. १५ एप्रिल २०१८ ला, रविवारी, ‘बिग बॉस मराठी’ पहिल्यांदा लागलं तेव्हा मुली टीव्हीची परवानगी मागायला माझ्या खोलीशी आल्या. परीक्षा तोंडावर होत्या. मी म्हटलं, बघा, पण दार उघडं ठेवायचं आणि मी मागे बसणार. त्या दिवशी मागे बसले, दुसऱ्या दिवशी आपणहून गेले, आणि पहिले पाचही हंगाम मी अखेरपर्यंत बघितले.

नात्यातली माणसं मला विचारतात, की अनोळखी लोकांना एका घरात कोंडायचं आणि त्यांची भांडणं बघायची, यात तुला मिळतं तरी काय? मला खूप मिळतं. माझं कामच तसलं आहे. एकमेकींना न निवडलेल्या मुली एका छपराखाली कशा राहतात हे मी रोज बघते, आणि तेच मला पडद्यावर दिसतं. ते दिसायला थोडी सवय लागते. माझ्या शेजारी बसून किती तरी मुली ही सवय शिकल्या, म्हणून ती नीट लिहून ठेवावीशी वाटली. सगळ्याचं मूळ एवढंच, की तोंडांकडे कमी बघा आणि हातांकडे जास्त.

सुरुवात तिसऱ्या आठवड्यापासून

पहिला भाग सोडला तरी चालतो. त्यात नाच असतो, ओळखी असतात, नवं घर फिरून दाखवतात. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक जण ठरवून आणलेलं रूप मिरवत असतो. कोणी सगळ्यांची ताई होते, कोणी पहिल्याच दिवशी आवाज चढवून ठेवतो. ते बघून कुणाबद्दल मत करून घेतलंत तर पुढे ते बदलायला जड जातं.

हे मी आमच्याच इमारतीत बघितलं आहे. २०१६ साली आमच्याकडे जिन्यात, व्हरांड्यात आणि मेसच्या दारात सीसीटीव्ही बसले. पहिला आठवडाभर मुली पाण्याची बाटली भरायला जातानाही केस विंचरून जायच्या. दुसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्याकडे बघणं कमी झालं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ऑफिसातल्या मॉनिटरवर मला एक मुलगी दिसली. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बरोब्बर कॅमेऱ्याखालच्या पायरीवर बसली होती आणि घरी फोन लावून रडत होती. कॅमेरा ती साफ विसरली होती. पण खोलीत रडायचं सोडून ती जिन्यात आली होती ती खोलीतल्या मुलीसाठी, तिला कळू नये म्हणून. मी मॉनिटर दुसऱ्या कॅमेऱ्यावर वळवला आणि खाली जाऊन तिच्या शेजारी बसले.

तेव्हापासून मला या कार्यक्रमांचं गूढ राहिलं नाही. भिंतीवरच्या डोळ्याची माणसाला सवय होते. शेजारच्या पलंगावरच्या डोळ्यांची होत नाही. बिग बॉसच्या घरातला माणूस कॅमेऱ्यासाठी वागायचं विसरतो तो तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि मग तो घरातल्या इतरांसाठी वागू लागतो, जसे आपण सगळेच वागतो. तिथून बघायला बसा. फरक एवढाच मनात ठेवा, की त्या घरातल्या लोकांनी करारावर सही केलेली असते, माझ्या जिन्यातल्या मुलीने केलेली नव्हती. शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावण्याची आणि हे बघण्याची तुलना कोणी केली की मी हेच उत्तर देते.

नियम आधी समजून घ्या

या घराचे नियम माहीत नसतील तर तिथली भांडणं वेडगळ वाटतात. फोन नाही. वर्तमानपत्र, टीव्ही, पुस्तकं नाहीत. कागद-पेन नाही. भिंतीवर घड्याळ नाही, मनगटावरही नाही. माईक गळ्यात हवाच, तो काढला की वरून बिग बॉसचा आवाज येतो, ‘माईक घाला’. दिवसा झोपायचं नाही. मराठी हंगामात मराठीतच बोलायचं. कोणाला नॉमिनेट करणार, म्हणजे घराबाहेर काढण्यासाठी कोणाचं नाव देणार, याची आपसांत चर्चा करायची नाही. हात उचलायचा नाही. भिंतींवर मोठमोठे आरसे असतात आणि त्यांच्या मागे कॅमेरा घेऊन माणसं फिरत असतात.

यातला घड्याळाचा नियम मला सगळ्यात कठोर वाटतो. एकदा वादळात आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, सगळ्यांचे फोन बंद पडले. जेवण किती वाजता, आत्ता किती वाजले, अजून किती वेळ, एवढंच मुली विचारत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बादलीवरून दोघींची जुंपली, ज्या एरवी एका ताटात जेवायच्या. वेळ कळेनाशी झाली की भूक आणि झोप दोन्ही बिघडतात. वाचायला, ऐकायला काही नसलं की बोलायला विषय एकच उरतो, तो म्हणजे समोरचा माणूस. त्यामुळे अंड्यावरून किंवा कॉफीवरून कोणी अर्धा तास भांडताना दिसलं तर हसण्याआधी आठवा, की त्या माणसाच्या दिवसात त्या कॉफीखेरीज स्वतःचं असं काहीच नाही.

ही सगळी कल्पना डच आहे. जॉन डे मोल यांनी ती आखली आणि १६ सप्टेंबर १९९९ ला नेदरलंड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं. अल्मेरे गावात त्यासाठी घर उभारलं होतं, खेळ १०६ दिवस चालला. आपल्याकडे हिंदीत ते नोव्हेंबर २००६ मध्ये सूत्रसंचालक अर्शद वारसी यांच्याबरोबर आलं, आणि मराठीत २०१८ साली महेश मांजरेकर यांच्याबरोबर. मराठीचं पहिलं घर लोणावळ्याचं. पुढे ते गोरेगावच्या चित्रनगरीत गेलं.

वहीत चार रकाने

आता मुख्य काम. एक साधी शंभर पानी वही घ्या. रोजच्या भागासाठी एक पान. चार रकाने आखा. पहिल्यात लिहायचं, आज पहिला चहा कोणी केला. दुसऱ्यात, पोळ्या कोणी लाटल्या आणि भांडी कोणी घासली. तिसऱ्यात, रडणाऱ्याला पाणी कोणी आणून दिलं. चौथ्यात, कोण कुणाशेजारी झोपलं किंवा जेवायला बसलं.

यातलं बरंचसं तुम्हाला समोरून दाखवणार नाहीत. ते मागे दिसतं. पुढे दोघांची खडाजंगी चाललेली असते आणि मागे ओट्याशी कोणीतरी पाठ करून कणीक मळत असतं. माझी नजर आता सरळ ओट्याकडेच जाते. भांडणाच्या वेळी मळणाऱ्याचे हात थांबतात का, हे बघा. थांबले तर त्याला त्या भांडणाची काळजी आहे. जोरात चालू लागले तर राग आहे. त्याच लयीत चालू राहिले तर त्या माणसाने ठरवलेलं आहे, की यात पडायचं नाही. आमच्या मेसमधल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींकडून मी हे शिकले. मुलींची बाचाबाची सुरू झाली की त्यांचं लाटणं जरा थांबायचं, आणि मला आतून कळायचं, की आजचं भांडण खरं आहे, आता उठलं पाहिजे.

स्वयंपाकघरावर एवढा भर का, तर घरातली खरी सत्ता तिथे असते. कॅप्टनला, म्हणजे त्या आठवड्याच्या घरप्रमुखाला, आठवडाभर मान मिळतो, पण पोळ्या मोजून वाढणारीचं राज्य रोजचं असतं. सामान मोजकं येतं. कोणाला दोन पोळ्या आणि कोणाला तीन, कोणासाठी भाजी झाकून ठेवली आणि कोणाला ‘संपली’ म्हणून सांगितलं, यावर पुढच्या आठवड्याचं नॉमिनेशन ठरतं. तोंडाने मात्र कोणी पोळीचं कारण देत नाही. कारण दिलं जातं, ‘यांचा घरात सहभाग कमी आहे’. तुमच्या वहीत दुसरा रकाना भरलेला असेल तर ते वाक्य खरं की खोटं, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. आमच्या कॉमन रूममध्ये असं वाक्य आलं की तीन-चार वह्या उघडायच्या आणि मुली तारीखवार सांगायच्या, की बुधवारी भांडी यानेच घासली होती. परीक्षेच्या अभ्यासाला मी त्यांना एवढं बारकाईने टिपणं काढताना बघितलं नव्हतं, आणि मला त्याचा आनंदच व्हायचा.

तिसरा रकाना सगळ्यात कमी भरतो आणि सगळ्यात कामाचा असतो. कोणी रडायला लागलं की बहुतेक जण जवळ जाऊन बोलतात. ‘रडू नकोस’, ‘तू स्ट्राँग आहेस’, ‘गेम आहे हा’. बोलणं कॅमेऱ्यात चांगलं दिसतं. पाणी आणायला मात्र उठावं लागतं, चौकटीबाहेर जावं लागतं, आणि परत येईपर्यंत महत्त्वाचं वाक्य निघून गेलेलं असतं. जो माणूस तरीही उठतो त्याचं नाव मी लाल शाईने लिहिते. एका हंगामात अशी नावं चार-पाचच होतात.

२०२४ च्या पाचव्या हंगामात ही वही मला फार उपयोगी पडली. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण त्या घरात आला होता. समाजमाध्यमांवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे त्याचं नाव झालेलं. शाळा अर्धवट सुटलेली, वाचायला अडखळायचा. घरात वर्षा उसगावकर, अभिजीत सावंत, निक्की तांबोळी यांच्यासारखी कॅमेऱ्याला सरावलेली मंडळी. सुरुवातीला सूरज फार बोलायचाच नाही, त्याला खेळ कळत नाही असं घरातले म्हणायचे. नुसते शब्द ऐकणाऱ्याच्या लक्षात तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत राहिलाच नसता. आमच्याकडची पाथर्डीची एक मुलगी रोज त्याच्यासाठी वेगळा रकाना आखायची. ती म्हणायची, ‘मॅडम, टास्कचा कागद आला की हा कुणाकडे बघतो ते मी लिहिते.’ टास्क म्हणजे बिग बॉसने घरातल्यांना दिलेला खेळ. वाचून दाखवणारा माणूस कोण, तो सगळं वाचतो की सोयीचं तेवढं, हे तिने आठवडाभर टिपलं. शहरात आल्यावर इंग्रजी फॉर्म भरताना ती स्वतः कुणाकडे बघायची, हे मला माहीत होतं. ६ ऑक्टोबरला सूरज जिंकला आणि १४ लाख ६० हजारांचं बक्षीस घेऊन निघाला तेव्हा ती उठून उभी राहिली होती. टाळ्या वाजवायचं तिला सुचलंच नाही.

आपल्याला हे कार्यक्रम धरून ठेवतात ते यामुळे, असं मला मनापासून वाटतं. मालिकेतल्या सुनेला कोणी विचारत नाही, की आज कणीक कोणी मळली. या घरात ते विचारावंच लागतं. उषा नाडकर्णी पहिल्या हंगामात होत्या, घरातले त्यांना आऊ म्हणायचे. एवढी मोठी अभिनेत्री पदर खोचून ओट्याशी उभी राहिली की आमच्या मुलींना एकदम आजीकडची संध्याकाळ आठवायची, आणि जेवणाच्या वेळी त्याच गोष्टी निघायच्या.

कात्री कुठे लागली ते ओळखा

पाचव्या हंगामात १६ जण आत गेले. १६ माणसांचे २४ तास म्हणजे दिवसाला ३८४ तासांचं जगणं. त्यातून जाहिरातींसकट तासाभराचा भाग निघतो. वाटणी समान केली तरी एकेकाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. उरलेलं सगळं कापलेलं असतं. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, निवड केल्याशिवाय दाखवताच येणार नाही. पण निवड कशी झाली, हे बघणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे.

मला हे शिकवलं व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या नांदेडच्या मुलीने. परदेशातल्या अशाच एका घराचा भाग ती लॅपटॉपवर बघत होती. एक बाई तावातावाने बोलत होती. मध्येच दुसरीचा चेहरा दिसला, भुवई चढलेली, ओठ मुडपलेले. मला वाटलं, किती तुसडी बाई आहे. मुलीने तिथेच थांबवलं. ‘मॅडम, हिचे केस बघा.’ केस ओले होते, खांद्यावर पाण्याचा डाग. पुढची दोन वाक्यं झाल्यावर तीच बाई पुन्हा दिसली. केस कोरडे, वर क्लिप लावलेली. म्हणजे ती भुवई त्या बोलण्यावर चढलीच नव्हती. कदाचित आंघोळीनंतर तिला टॉवेल सापडत नव्हता. मग तिने मला रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि तो आधी सूपच्या वाडग्यासोबत, मग शवपेटीसोबत जोडून दाखवला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख.

तेव्हापासून मी तीन गोष्टी तपासते. केस, कप आणि उजेड. केस ओले की कोरडे, क्लिप कुठल्या बाजूला. हातातला कप भरलेला की रिकामा, की एकदम नाहीसाच झाला. खिडकीतून किंवा बागेतून येणारा उजेड दुपारचा की संध्याकाळचा. या तीनपैकी एक जरी मध्येच बदललं तर तो चेहरा मी त्या वाक्याच्या खात्यावर लिहीत नाही. चौथी गोष्ट कानाची आहे. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसेल, नुसती पाठ आणि वरून आवाज असेल, तर ते वाक्य तिथलंच आहे याची खात्री धरू नका. पंधरा दिवसांत हे अंगवळणी पडतं. आणि याने मजा जात नाही. गाणं शिकलेल्या माणसाला मैफल जास्त कळते, तसंच हे आहे.

आवाज आणि शनिवार-रविवार

मराठी बिग बॉसचा आवाज रत्नाकर तारदाळकर यांचा. तो आवाज सगळ्यांना ‘सदस्य’ म्हणतो, ‘आपण’ म्हणतो, चढत नाही, घाई करत नाही. घरातले एकमेकांना अरे-तुरे करत असताना वरून हा आवाज आला की सगळी उठून सोफ्यावर रांगेत बसतात. बसताना कोण आधी निमूट होतं आणि कोण वाक्य पुरं करूनच थांबतं, तेवढं बघा.

शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येतात. पहिले चार हंगाम मांजरेकर होते, पाचव्यात रितेश देशमुख, आणि त्यांच्या भागाचं नाव ‘भाऊचा धक्का’, मुंबईच्या जुन्या धक्क्यावरून घेतलेलं. कान उघडणी चालते, माफ्या मागितल्या जातात, लोकांना ते आवडतं. माझं म्हणणं, शनिवार बघा पण त्यावर लिहू नका. लिहायचं ते सोमवारी. बाहेरच्या जगाची बातमी घरात पोचण्याची ती मुख्य वाट असते. सूत्रसंचालकाने कुणाचं कौतुक केलं म्हणजे बाहेर तो माणूस आवडतोय, एवढं घरातल्यांना कळतं. सोमवारी त्या माणसाशेजारी नव्याने कोण बसलं, हे चौथ्या रकान्यात आपोआप येतं.

कोणाबरोबर बघायचं

एकट्याने बघू नका. फोनवर तुकडे बघून तर अजिबात नको, कारण फोनवर फक्त आरडाओरडा पोचतो, ओटा पोचत नाही. तीन-चार जण लागतात, वेगवेगळ्या वयाचे असले तर उत्तम. आमच्या कॉमन रूममध्ये मी दोन नियम घातले होते. भाग चालू असताना कुणाच्या दिसण्यावर, जाडीवर, रंगावर बोलायचं नाही. आणि ‘ही अगदी आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या अमकीसारखी’ असं कोणी म्हणायचं नाही. दुसरा नियम मी उशिरा घातला, आणि तो आधीच घालायला हवा होता. पहिल्या हंगामात एका अबोल मुलीला घरातल्या एका सदस्याचं नाव चिकटलं. तिने कॉमन रूममध्ये येणं सोडलं. मला कळायला तीन आठवडे लागले. मी तिच्या खोलीत जाऊन तिची माफी मागितली आणि त्याच रात्री सगळ्यांसमोर नियम सांगितला. तुमच्या घरीही हे होऊ शकतं. ‘सासूबाई अगदी तिच्यासारख्या’ हे वाक्य विनोदाने सुरू होतं आणि आठवडाभर घरात घुटमळतं.

जाहिराती लागल्या की आवाज बंद करा आणि प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, ‘तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?’ आमच्याकडे या प्रश्नाने जे बोलणं झालं ते एरवी कुठल्याही समुपदेशनाच्या तासात झालं नसतं. अकोल्याची एक मुलगी एकदा म्हणाली, ‘मी पण पोळ्या मोजते मॅडम, घरी भावाला जास्त द्यायला सांगतात म्हणून.’ त्यावर पुढचा सगळा ब्रेक कोणी काही बोललं नाही, आणि मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

न आवडणाऱ्या माणसाचं काय करायचं

प्रत्येक हंगामात एक जण असा असतो, की तो दिसला की आपलं डोकं तापतं. तो माणूस मुद्दाम निवडून आणलेला असतो हे खरं, आणि त्याच्यावर राग येणंही स्वाभाविक आहे. घरात कोणी राहावं यासाठी मुली मत द्यायच्या तेव्हा मी त्यांना सांगायची, राग आला तर मत दुसऱ्याला द्या, तेवढा हक्क तुमचा आहे. पण त्या माणसाच्या पानावर जाऊन लिहू नका, त्याच्या आईला, मुलांना काही बोलू नका.

याचं कारण म्हणून मी त्यांना जेड गुडीची गोष्ट सांगते. २००७ च्या जानेवारीत ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये आपली शिल्पा शेट्टी गेली होती. त्याच घरातली स्पर्धक जेड आणि तिच्या मैत्रिणी शिल्पाला जे बोलल्या त्यावरून तिथल्या प्रसारण नियामकाकडे ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. शिल्पा जिंकली. जेडवर सगळा देश तुटून पडला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, तीच जेड हिंदी बिग बॉसच्या घरात आली, आणि त्या हंगामाची सूत्रधार होती शिल्पा शेट्टी. घरात असतानाच जेडला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कळलं. ती परत गेली. २२ मार्च २००९ ला ती वारली, वय २७. तिला दोन लहान मुलगे होते. पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘मग ती वाईट होती की नव्हती?’ मी म्हटलं, ती जे बोलली ते वाईटच होतं, आणि ती २७ व्या वर्षी गेली, हे दोन्ही वहीत लिही.

हा आठवडा चुकवू नका

सगळा हंगाम बघायला वेळ नसेल तर निदान घरच्यांच्या भेटीचा आठवडा बघा. तो शेवटाकडे येतो. बिग बॉस ‘फ्रीझ’ म्हणतात आणि सगळ्यांनी आहे तिथे पुतळ्यासारखं थांबायचं. दार उघडतं. कोणाची आई आत येते, साधी साडी, हातात पिशवी. मुलाने हलायचं नाही. ती येऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवते, ‘वाळलास रे’ म्हणते, आणि तो डोळ्यांची पापणीही न हलवता उभा असतो, गालावरून पाणी वाहतंय. मग ‘रिलीज’ येतं आणि तो तिच्या गळ्यात पडतो.

इथे मी वही मिटते, पण एक गोष्ट मात्र बघतेच. आई मुलाला भेटून झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाकडे आधी जाते. बहुतेक आया आपल्या मुलाशी भांडणाऱ्याकडे जात नाहीत. त्या ओट्याशी असणाऱ्याकडे जातात आणि त्याचा हात धरतात. टीव्हीवर रोज बघून बघून त्यांनाही कळलेलं असतं, आपल्या लेकराला जेवायला कोण घालतंय.

माझी आई कराडला असते, वय ८१. पहिला हंगाम लागला तेव्हा ती म्हणाली होती, ‘दुसऱ्याच्या घरात काय बघायचं गं?’ मी तिला रकान्यांचं सांगितलं. तिला वही जमत नाही, डोळ्यांचा त्रास आहे. पण पाचव्या हंगामात रोज रात्री भाग संपला, मुली वर गेल्या, मी कॉमन रूमचं कुलूप लावलं, की तिचा फोन यायचा. कोण घराबाहेर गेलं, कोण कॅप्टन झालं, यातलं ती काही विचारायची नाही.

‘आज पहिला चहा कोणी केला गं?’